शेतातला मोबाईल स्टार्टर आणि देशाची वीज

गेल्या रब्बीत आमच्या मोठेबाबांची मोटर जळाली. दाब कमी-जास्त झाला नव्हता, केबलही चोरीला गेली नव्हती. त्यांनी विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवून घेतला होता. पेटीत एक सिमकार्ड असतं. घरी खाटेवर पडल्या पडल्या त्या नंबरवर मिस कॉल द्यायचा, की मोटर सुरू. शेतीची थ्री फेज लाईन आलटून पालटून रात्रीची येते. आणि राळेगाव-पांढरकवड्याच्या आमच्या पट्ट्यात रात्री शेतात जाणं म्हणजे काय, हे २०१८ साली अवनी वाघिणीच्या बातम्या वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको. मिस्त्रीने पेटी बसवली आणि विसरू नये म्हणून सिमचा नंबर झाकणावर ऑइल पेंटने लिहून ठेवला. ठरावीक चार मोबाईलवरूनच कॉल घ्यायची सोय त्या यंत्रात होती. ती त्याने चालूच केली नव्हती.

एका रात्री कोणीतरी कॉल दिला. गंमत म्हणून दिला की धुऱ्याच्या जुन्या वादातून, ते आजवर कळलेलं नाही. विहीर तळाला गेली, मोटर कोरडी फिरत राहिली आणि सकाळी जळक्या वाइंडिंगचा वास. मोटर भरून आणायला साडेचार हजार गेले आणि हरभऱ्याचं ओलित लांबलं ते वेगळंच.

मी गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, असली कामं. त्यामुळे संगणकाचं काहीही निघालं की लोक माझ्याकडे येतात. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर ‘दोन-तीन दिवस एटीएम बंद राहणार’ असा मेसेज फिरला. तो खोटा असल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबीने जाहीर केलं, पण तोवर तालुक्याच्या एटीएमपुढे रांग लागली होती. त्याच दिवसांत ‘डान्स ऑफ द हिलरी’ नावाचा व्हिडिओ उघडला तर मोबाईल खलास होतो, हेही घरोघर पोचलं होतं. मोठेबाबा केंद्रात येऊन बसले आणि म्हणाले, “हे सायबर दहशतवाद म्हन्तेत ते काय असते बा? अन् आपल्या गावात कोनी काहून येईन?”

मी म्हटलं, “मोठेबाबा, तुमची मोटर जळाली ना, तिथूनच सुरू करू.”

वीज असो, पाणी असो, रेल्वे असो, आता सगळीकडे असे मोबाईल स्टार्टर बसले आहेत. अर्थात मोठे, महागडे आणि वेगळ्या नावाचे. वीज कंपन्यांत त्या व्यवस्थेला स्काडा म्हणतात. शंभर किलोमीटरवरचं उपकेंद्र एका खोलीतल्या पडद्यावर दिसतं, कोणत्या फिडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या लाईनवर, किती भार आहे ते कळतं आणि माऊसच्या एका क्लिकवर ब्रेकर, म्हणजे लाईनचा मोठा खटका, लाईन तोडतो किंवा जोडतो. म्हणजे दुरून काम करणारा हात. या हातामुळे माणसं कमी लागतात, बिघाड लवकर सापडतो, सगळं खरं. पण हात लांब झाला की मनगट धरायला जागाही जास्त मिळते. मोठेबाबांच्या पेटीवर नंबर लिहिलेला होता. देशाच्या पेटीवरचा नंबर शोधायला लोक महिनेच्या महिने खर्च करतात, एवढाच फरक.

हे प्रत्यक्षात घडलं ते युक्रेनमध्ये, २३ डिसेंबर २०१५ ला. त्या देशाच्या पश्चिम भागातल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात ऑपरेटर बसला होता आणि त्याच्या पडद्यावरचा माऊसचा बाण आपोआप हलायला लागला. बाण एकेका ब्रेकरवर जायचा, क्लिक करायचा, आणि ते उपकेंद्र बंद. ऑपरेटरने माऊस धरला तरी काही उपयोग नाही, त्याचा ताबाच गेलेला. त्या संध्याकाळी तीन वीज कंपन्यांवर एकाच वेळी घाला पडला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक ऐन हिवाळ्यात अंधारात गेले.

ही चढाई एका रात्रीत झाली नव्हती. कितीतरी महिने आधी कंपनीतल्या साध्या कर्मचाऱ्यांना ईमेल आले होते. सोबत एक फाईल. उघडली की ‘मजकूर नीट दिसण्यासाठी हे चालू करा’ अशी सूचना. कोणीतरी चालू केलं. तिथून आत शिरलेले लोक गुपचूप बसून राहिले. कोण कधी कामावर येतो, कोणता पासवर्ड कुठे चालतो, कोणत्या वाटेने स्काडापर्यंत जाता येतं, सगळं बघत राहिले. प्रत्यक्ष हल्ल्याच्या वेळी त्यांनी नियंत्रण कक्षाचा बॅटरी बॅकअपही पाडला आणि तक्रार केंद्रावर खोट्या फोनचा एवढा मारा केला की खऱ्या ग्राहकाला लाईन मिळेना. मला या सगळ्यात ही शेवटची गोष्ट सगळ्यात हुशारीची आणि सगळ्यात दुष्ट वाटते. लाईन गेली याचं माणसाला एवढं काही नसतं, आपल्याला तर अजिबातच नाही. पण फोन लागत नाही, काय झालं ते कोणी सांगत नाही, म्हटलं की पोटात गोळा येतो. दहशत तिथून सुरू होते.

आता शब्दाचं बघू, कारण बातम्यांत सगळं एकाच गाडीत भरतात. तुम्हाला फोन करून ओटीपी विचारणारा आणि खात्यातले पैसे उडवणारा हा चोर. कापसाच्या गंजीतून रात्री दोन गाठोडी उचलणाऱ्यासारखा. रुग्णालयाचे संगणक कुलूपबंद करून पैसे मागणारा हा खंडणीखोर. गंजीला काडी लावून जाणारा या दोघांहून वेगळा. त्याला कापूस नको असतो. एक गंजी पेटली की अख्खं गाव पंधरा दिवस जागलीला बसतं, आणि त्याला तेच हवं असतं. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६फ हे कलम आलं, त्यातही गाभा हाच आहे. देशाची एकता, सुरक्षा धोक्यात आणण्याच्या किंवा लोकांत दहशत पसरवण्याच्या हेतूने संगणक यंत्रणेत घुसणं, ती बंद पाडणं, तिच्यात विषाणू सोडणं, आणि त्यातून जीव जाणं किंवा जीवनावश्यक सेवा तुटणं. शिक्षा जन्मठेपेपर्यंत.

खरं सांगायचं तर नुसत्या कीबोर्डवरून एखाद्या दहशतवादी संघटनेने शेकडो माणसं मारली, असं आजवर झालेलं नाही. दहशतवाद्यांनी इंटरनेट वापरलं ते निरोपासाठी, पैशासाठी, भरतीसाठी. २६/११ च्या हल्लेखोरांना पलीकडून सूचना मिळत होत्या त्या इंटरनेटवरच्या फोनमधून. संगणकातून झालेल्या मोठ्या घाल्यांचा माग मात्र बहुतेक वेळा कुठल्या तरी सरकारच्या गुप्त यंत्रणेपर्यंत किंवा खंडणीखोर टोळीपर्यंत गेला. युक्रेनच्या प्रकरणात अमेरिकेने २०२० मध्ये रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्यातल्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. ते अधिकारी अर्थातच अमेरिकेच्या हाती लागलेले नाहीत.

मग घाबरायचं कशाला? तर हत्यार एकाच्या कोठारात राहत नाही म्हणून. अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेने विंडोजमधली एक फट वापरणारं हत्यार बनवून ठेवलं होतं. ते चोरीला गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये कोणीतरी उघड्यावर टाकलं. महिनाभरात, १२ मे रोजी, त्याच हत्याराचा वापर करून वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा विषाणू सुटला आणि दीडशे देशांत दोन लाखांवर संगणक बंद पडले. ब्रिटनमध्ये रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ती फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ‘नंतर बघू’ म्हटलं, ते सापडले. (माझ्या केंद्रातला संगणकही ‘नंतर बघू’वर बराच काळ चालला आहे, हे इथे कबूल करून टाकतो.)

दीड महिन्याने, २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा विषाणू आला. तो २०१५ च्या घाल्यासारखाच युक्रेनसाठी सोडलेला, तिथल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. पण विषाणूला सीमा कळत नाही. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले संगणक मिनिटांत गेले आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. नागपूरचे कंटेनर रेल्वेने याच बंदराकडे जातात. म्हणजे भांडण दोन परक्या देशांचं, आणि माल अडला आपल्या दारात. मर्स्कला पुन्हा उभं राहायचं तर त्यांच्या संगणकांच्या जाळ्याची मूळ यादी हवी होती, आणि तिच्या सगळ्या प्रती एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे सगळ्याच पुसल्या गेल्या होत्या. एक सोडून. ती होती आफ्रिकेत घानाच्या कार्यालयात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे लाईन गेलेली होती आणि तो संगणक बंद होता! लोडशेडिंगने जगातली एवढी मोठी कंपनी वाचवली, हे मी गावात सांगितलं तर लोक अजूनही माझ्याकडे संशयाने बघतात.

तर देशांनी काय करायचं? पहिली गोष्ट घानानेच शिकवली: एक प्रत जाळ्याच्या बाहेर ठेवा. एस्टोनिया नावाचा देश आहे, लोकसंख्या जेमतेम तेरा लाख, म्हणजे आपल्या एका जिल्ह्याहूनही कमी. २००७ मध्ये एका सोव्हिएत काळातल्या पुतळ्याची जागा हलवण्यावरून वाद झाला आणि त्या देशाच्या बँका, वर्तमानपत्रं, सरकारी संकेतस्थळं यांच्यावर कित्येक दिवस खोट्या विनंत्यांचा पूर आला. बाजार समितीच्या फाटकावर गिऱ्हाईक नसलेल्या हजार रिकाम्या गाड्या आणून उभ्या केल्या तर खऱ्या शेतकऱ्याची बंडी आत कशी जाईल, तसं. एस्टोनियाने त्यानंतर दोन गोष्टी केल्या. बँकांत, कंपन्यांत काम करणाऱ्या जाणकार लोकांचं स्वयंसेवक दल उभारलं, जे संकटात सरकारच्या मदतीला येतं. आणि देशाच्या महत्त्वाच्या नोंदींची प्रत लक्झेंबर्गमध्ये, दूतावासासारखा दर्जा असलेल्या जागेत ठेवली. उद्या देशच ताब्यात गेला तरी कोणाची जमीन किती, ही नोंद शाबूत. आपला सातबारा ऑनलाइन झाला तेव्हापासून मला या कल्पनेचं फार अप्रूप वाटतं.

भारतानेही हातावर हात ठेवलेले नाहीत. सर्ट-इन ही संस्था २००४ पासून आहे. कुठे हल्ला झाला तर इशारे देणं, मदत करणं तिचं काम. वीज, बँका, दूरसंचार, वाहतूक अशा ‘ज्यांच्याविना देश अडेल’ त्या यंत्रणांसाठी २०१४ मध्ये वेगळं राष्ट्रीय केंद्र झालं. एप्रिल २०२२ च्या आदेशाने सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवणं बंधनकारक झालं. कागदावर हे कोरडं वाटतं, पण यामागे एक जुनी खोड आहे: हल्ला झालेला माणूस लाजेने गप्प बसतो. बोंडअळी एका वावरात दिसली आणि त्याने लपवली, तर शेजारच्या चार वावरांचं काय होतं ते आपल्याला २०१७ च्या हंगामाने दाखवलं आहे.

दुसरी गोष्ट, कार्यालयाचं जाळं आणि यंत्र चालवणारं जाळं वेगळं ठेवणं. २०१९ मध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या प्रशासकीय कामाच्या एका संगणकात घुसखोर सॉफ्टवेअर सापडलं. अणुभट्टी चालवणारी यंत्रणा त्या जाळ्याला जोडलेलीच नव्हती, त्यामुळे तिला धक्का लागला नाही, असं अणुऊर्जा महामंडळाने सांगितलं. पण कुंपण घातलं म्हणून निवांत झोपताही येत नाही. इराणमधल्या नतांझच्या युरेनियम प्रकल्पाचा संबंध बाहेरच्या इंटरनेटशी नव्हता. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट विषाणू आत गेला तो पेन ड्राइव्हमधून असं मानलं जातं. यंत्रं वेडीवाकडी फिरून मोडत होती आणि पडद्यावर सगळं ठीकठाक दिसत होतं.

तिसरी गोष्ट बोलण्याची. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. पुढच्या वर्षी एका परदेशी संस्थेचा अहवाल आला की चीनशी जोडलेल्या गटाने भारताच्या वीज यंत्रणेत शिरकाव केला होता. राज्याच्या मंत्र्यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली, केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक होती असं सांगितलं. दोन सरकारं दोन गोष्टी सांगतात तेव्हा नुकसान कोणाचं होतं? हल्ला झाला असो वा नसो, हल्लेखोराचं अर्धं काम आपणच करून दिलं. म्हणून अशा वेळी एकानेच, लवकर आणि खरं बोलायचं, हेही संरक्षणच आहे. मे २०२५ नंतर महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने आकडे सांगितले, की पंधरा लाखांवर हल्ल्यांचे प्रयत्न झाले, त्यातले दीडशे यशस्वी झाले. तो आकडा ऐकून मोठेबाबा म्हणाले, “मंग एवढी बोंब कायची होती?” अफवेला हे उत्तर एटीएमच्या रांगेच्या आधी मिळालं असतं तर बरं झालं असतं.

आंतरराष्ट्रीय करारांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे फार काही हाताला लागत नाही. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने नियम सुचवले, त्यात एकमेकांच्या वीज-पाण्यासारख्या यंत्रणांवर हल्ले करू नयेत असं होतं. युक्रेनची वीज गेली ती त्याच वर्षी. डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सायबर गुन्ह्यांविरुद्धचा करार मंजूर केला. त्यातून पुरावे देण्याघेण्याची वाट सोपी होईल ही आशा. हल्ला करणारा नागपुरातला दिसतो, सर्व्हर नेदरलँड्समधला निघतो आणि माणूस तिसऱ्याच देशात बसलेला असतो. तिथे प्रत्येक देशाच्या पोलिसांना पत्र लिहीत बसलो तर माग थंड होतो.

पण मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट परत युक्रेनच्या त्या रात्रीकडे नेते. सव्वादोन लाख घरांची वीज एक ते सहा तासांत परत आली. कशी? कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि हाताने ब्रेकर टाकले. यंत्रणा जुन्या घडणीची होती, हाताने चालणारी होती, आणि ती चालवता येणारी माणसं शिल्लक होती. पुढे कित्येक आठवडे त्यांनी तशीच चालवली. दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये हल्ला झाला तेव्हाही रुग्णालय चाललं ते कागदावर.

मोठेबाबांचा मोठा मुलगा, माझा चुलतभाऊ, जवळच्याच एका ३३ केव्ही उपकेंद्रावर ऑपरेटर आहे, कंत्राटी. हे सगळं वाचून झाल्यावर मी एका रात्री त्याच्याकडे डबा घेऊन गेलो. टेबलावर लॉगबुक, त्यात दर तासाला प्रत्येक फिडरचे अँपिअर पेनाने लिहिलेले. चंद्रपूरच्या, कोराडीच्या केंद्रांतून निघालेली वीज इथे येऊन आमच्या गावाला वाटली जाते, आणि तिची शेवटची नोंद निळ्या शाईत होते. मी विचारलं, ब्रेकर आपोआप लागला नाही तर? त्याने पॅनेलमागे खुंटीला लटकवलेला एक लोखंडी हँडल दाखवला. ब्रेकरच्या आत स्प्रिंग असते, ती मोटरने ताणली जाते. मोटर नाही चालली तर हा हँडल लावून हाताने ताणायची आणि मग बटण दाबायचं. “जोर लागते,” तो म्हणाला. “नवीन पोरगा आला होता मांगच्या महिन्यात, त्यानं इचारलं, हे कायचं हाय भाऊ, ट्रॅक्टरचं का?”

त्याला शिकवलंस का, विचारलं. “हाव, दोनदा करून घेतलं त्याच्याकडून.” लॉगबुकात त्याची नोंद नव्हती, अशा नोंदीला रकानाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात येऊन मॉनिटरच्या मागची चिठ्ठी काढली. तिच्यावर माझ्या लॉगिनचा पासवर्ड होता, तोच पासवर्ड ईमेलला, तोच बँकेच्या एजंट खात्याला. २०२१ मध्ये अमेरिकेची कलोनियल पाइपलाइन बंद पडून पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, त्याचं मूळ एका जुन्या, विसरलेल्या खात्याच्या पासवर्डमध्ये होतं. दुसरी पडताळणीच नव्हती त्याला. माझ्या केंद्रातून देश पडणार नाही, पण अर्ध्या गावाचे आधार आणि बँक खाती त्या चिठ्ठीच्या भरवशावर होती. नवीन पासवर्ड ठेवला, ओटीपी लावला. पहिले दोन दिवस रेंज नसल्यामुळे ओटीपी येईना आणि दाखल्यासाठी आलेल्या तीन बायांना उन्हात बसावं लागलं. त्या मला काय बोलल्या ते इथे लिहीत नाही.

मोठेबाबांच्या नव्या स्टार्टरवर आता चारच नंबर चालतात, मीच भरून दिले. झाकणावरचा जुना सिमचा नंबर मात्र तसाच आहे. मोठेबाबा म्हणाले, “खरडून पाह्यलं बा, ऑइल पेंट निघत नाही.”